पाहुण्यांचा ट्रॅक्टर

“टायर झिजले की बसेल,” प्रल्हादशेठ म्हणाले.

कपातला चहा बशीत ओतता ओतता, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. समोर माझे सासरे, तात्या, मांडीवर टोपी ठेवून बसले होते आणि त्यांच्या मागे मी पदर खोचून उभी होते. खुर्ची रिकामी होती, पण मला बसवत नव्हतं. घेतलेला ट्रॅक्टर रुंद आहे, द्राक्षाच्या दोन ओळींमधून जात नाही, ही आमची तक्रार होती. टायर झिजले की जाईल, हा त्यावरचा उपाय.

“म्हंजी किती वर्षांनी?” मी विचारलं.

प्रल्हादशेठनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते तात्यांना म्हणाले, “पाहुणे, नाहीतं आसं करा. बागेतले अँगल दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं सरकून घ्या. बाग आपल्या हातातली गोष्ट आहे, ट्रॅक्टर काय, कंपनीकडून येतो.”

“बरं,” तात्या म्हणाले.

ते ‘बरं’ ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उभ्या बागेचे लोखंडी अँगल सरकवायचे, तारा सोडायच्या, वेली उचलायच्या, कशासाठी? तर प्रल्हादशेठनी गळ्यात मारलेला ट्रॅक्टर आत जावा म्हणून. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शोरूममधला माणूस टोपी आणि टॉवेल घेऊन आला. प्रल्हादशेठनी उठून तात्यांच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हात जोडले. “पाहुण्यांचा मान,” ते म्हणाले. तात्यांनी उलट हात जोडले. तक्रार संपली.

आमच्या घरात त्या दिवसांत टॉवेल इतके झाले, की सासूबाईंनी एकाची पायपुसणी केली.

बाग आमची तीन एकर, नाशिककडच्या उंबरदरी गावात. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं नुसतं मुरमाड रान होतं. त्यातली एकेक काडी मी आणि तात्यांनी लावलेली. आमचे हे ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. ट्रॅक्टर आमच्याकडे नव्हता, शेजाऱ्याचा भाड्यानं घ्यायचो. आदल्या वर्षी ऐन फवारणीत त्या शेजाऱ्यानं आधी स्वतःची बाग फवारली, मग भावाची, मग मेव्हण्याची. आमच्याकडे आला तोवर डावणीची बुरशी पानापानांवर बसली होती आणि घडांची माती झाली. तेव्हा ह्यांनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. अजून एक वर्ष बघायचं. ह्याही वर्षी असंच झालं तर बाग तोडायची आणि सगळ्यांनी पुण्याला चालायचं. भोसरीला खोलीसुद्धा बघून ठेवली होती. मला खोली नको होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात माझं असं काम होतं, आणि ते मी सोडून दुसऱ्या मजल्यावर वाळवणं राखत बसणार नव्हते. म्हणून छोटा ट्रॅक्टर घ्यायचा हट्ट माझा. तो मीच चालवायचा, हाही माझाच. माहेरी भावाचा ट्रॅक्टर मी कॉलेजात असल्यापासून हाकत होते.

तर आम्ही बुक केला होता बागेसाठीचा अरुंद ट्रॅक्टर. दसऱ्याला शोरूमपुढे मांडव, सनई, पेढे. प्रल्हादशेठनी तात्यांच्या हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली दिली आणि फोटो काढला. ट्रॅक्टर घरी आला, सासूबाई ओवाळायला पुढे झाल्या, मडगार्डवर स्वस्तिक काढायला गेल्या आणि थबकल्या. तिथं आधीच एक स्वस्तिक होतं, पुसट झालेलं.

“शोरूमवाल्यांनी पूजा करूनच धाडला गं,” त्या कौतुकानं म्हणाल्या. “केवढी रीतीची माणसं!”

सीटखाली तंबाखूची अर्धी पुडी निघाली. तिलाही तात्यांनी नावं ठेवली नाहीत. कुणाची तरी राहिली असेल, परत द्यायला हवी, म्हणून त्यांनी ती खिशात घातली. हा ट्रॅक्टर गावोगाव दाखवायला फिरवलेला होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण तेवढंही मी गिळलं असतं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाच्या साक्षीनं मी तो बागेत घातला आणि पहिल्याच ओळीत दोन अँगलांमध्ये असा अडकला, की पुढे जाईना आणि मागे येईना. काढायला शेवटी त्याच शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागला. तो शेजारी दोरखंड बांधताना इतका आनंदात होता, की मी तिकडे पाठ करून उभी राहिले.

आम्हाला भलताच ट्रॅक्टर दिला होता, एवढं सरळ प्रकरण. शोरूमला जायचं, बदलून मागायचा. पण तिथं बसले होते प्रल्हादशेठ, आणि त्यांच्याकडे प्रत्येक तक्रारीवर एकच औषध. गिऱ्हाईक तावातावानं आत शिरलं की हे विचारणार, “गाव कोणतं? आडनाव काय? आरे, मग तुम्ही तं आमचे पाहुणेच!” पुढचं सगळं आपोआप. पाण्याचा तांब्या, चहा, टोपी, टॉवेल. एकदा सोयरीक निघाली की माणूस जीभ आवरतो. पाहुण्याशी भांडलं असं चार गावांत व्हायला नको, म्हणून गप घरी जातो. माझ्या डोळ्यांदेखत एक गिऱ्हाईक शिव्या देत आत आलं आणि “मामांना नमस्कार सांगा” म्हणत बाहेर पडलं.

आणि तात्या तर बोलूनचालून रीतीचा माणूस. उभ्या हयातीत कुणाला मोडता घातला नाही. पहिल्याच दिवशी प्रल्हादशेठ “पाहुणे” म्हणाले आणि तात्या जे विरघळले, ते पुन्हा गोठलेच नाहीत.

टायर झिजायच्या सल्ल्यानंतर घरी येताना मी वाटेत म्हणाले, “तात्या, तो सगळ्यांनाच पाहुणे म्हणतो. थापा मारतो.”

“मारत असंल,” तात्या म्हणाले. “पण आपल्याला तसं बोलता यायचं नाही, पोरी.”

“का नाही?”

ते नवा टॉवेल मांडीवर घेऊन घडी घालत बसले.

इकडे बागेची छाटणी आम्ही करून बसलो होतो, ट्रॅक्टर आला ह्या भरवशावर. आठ-दहा दिवसांत डोळे फुगले, फुटीचे पोंगे दिसायला लागले. वर आभाळ भरून यायचं, दव पडायचं, डावणीला हवं तसंच. ह्यांचा फोन आला. “फवारणीचा ब्लोअर आत जातोय का?” मी म्हणाले, “जाईल.” ते म्हणाले, “वैजू, उगी जिवाला त्रास करून घेऊ नको. मी खोलीवाल्याला हो म्हणून टाकू का?” मी फोन ठेवला आणि ओट्यावर बसून रडले. तात्या गोठ्यात होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण थोड्या वेळानं धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ते पुढे आले.

“चल,” म्हणाले. “तो ट्रॅक्टरच घेऊन जाऊ.”

मी चालवायला, तात्या मडगार्डवर. शोरूमवर गेलो तर तिथला माणूस म्हणाला, “शेठ आज घरी आहेत. कंपनीचे मोठे साहेब जेवायला आलेत. उद्या या.”

मला वाटलं, तात्या आता ‘बरं’ म्हणणार. ते म्हणाले, “घरी? मग घरीच जाऊ. पाहुणे आहोत ना आपण.”

बंगला शोरूमच्या मागेच होता. फाटकात साहेबांची पांढरी गाडी उभी होती. तिच्या मागे अगदी खेटून मी ट्रॅक्टर लावला. गाडी बाहेर निघायची तर आधी आम्हाला विचारावं लागेल, एवढी काळजी मी घेतली. आवाज ऐकून प्रल्हादशेठ व्हरांड्यात आले. आम्हाला बघून त्यांचा चेहरा पार उतरला, पण मागोमाग साहेब आले तसा तो लगेच फुललासुद्धा.

“चौहानसाहेब, हे आमचे पाहुणे!” ते म्हणाले. “गिऱ्हाईकही आपलंच. एकदम खूश आहेत.”

साहेब इंदूरचे, जाडजूड, हसतमुख. त्यांनी तात्यांना नमस्कार केला. तेवढ्यात आतून काठी टेकत प्रल्हादशेठच्या आई आल्या. जिजाक्का. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, कपाळावर बुक्का, नजर अशी की समोरच्यानं उगीच पदर सारखा करावा.

“कुठले पाहुणे?” त्यांनी विचारलं.

“आगं आई, आसंच... लांबचे...” प्रल्हादशेठ म्हणाले.

“तुला नाही, त्यांना इचारलं. कुठले तुम्ही?”

“उंबरदरीचे,” तात्या म्हणाले. मग त्यांनी वाकून जिजाक्कांच्या पायांना हात लावला. “ठकूकाकूंचा पुतण्या मी. नामदेव.”

जिजाक्का दोन्ही हात काठीवर ठेवून बघत राहिल्या. “ठकूवन्संचा नामा? वन्संच्या पाठीला लागून दिवाळीला यायचा तो? मी नवी नवरी होते, माझ्या पेटीवर चढून बसायचास तू!”

“तोच,” तात्या म्हणाले.

मी आ वासला. प्रल्हादशेठनी माझ्यापेक्षा मोठा वासला. ज्या माणसानं तालुक्यातल्या झाडून साऱ्यांना पाहुणा म्हणून गुंडाळलं, त्याच्या हाताला खरा पाहुणा लागला होता आणि त्याला पत्ता नव्हता. प्रल्हादशेठची सख्खी आत्या आमच्या घरात दिलेली होती. तात्यांची आई लहानपणीच गेली, त्यांना ह्या ठकूकाकूंनीच वाढवलं. म्हणून तर काकूंच्या माहेरच्या माणसापुढे तात्यांची जीभ उचलत नव्हती, हे मला त्या व्हरांड्यात उभं राहून समजलं.

“पऱ्हाद,” जिजाक्कांचा आवाज चढला, “आरे, लेकीच्या सासरचं माणूस दारात उभं, आन् तू लांबचे म्हणतोस? पाट मांडा! पहिला पाट ह्यांचा!”

साहेबांवर छाप पाडायला प्रल्हादशेठनी पुरणाचा स्वयंपाक सांगितला होता, खाली पाट मांडले होते, ताटांभोवती रांगोळी काढली होती. मानाच्या पाटावर साहेबांना बसवायचं ठरलेलं. जिजाक्कांनी त्यांना एक पाट खाली सरकवलं आणि मानाच्या जागी तात्यांना बसवलं. मला त्यांनी हाताला धरून आत नेलं. “सूनबाई, तू आपल्या घरातली,” म्हणाल्या आणि माझ्या हातात तुपाचं भांडं दिलं. प्रल्हादशेठची बायको अलका पोळ्या वाढत होती, मी मागून तूप.

सगळं वाढून झालं. पोळीवर तूप, कटाची आमटी, कुरडई, भजी. जिजाक्का दारात उभ्या राहून म्हणाल्या, “करा सुरुवात.”

आमच्याकडे मानाच्या माणसानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी ताटाला हात लावत नाही. सगळे तात्यांकडे बघत होते. तात्यांनी दोन्ही हात जोडले, मांडीत ठेवले आणि मान खाली घालून बसून राहिले.

“घ्या पाहुणे,” प्रल्हादशेठ म्हणाले.

तात्या गप्प.

“काही राहिलं का वाढायचं?”

तात्या गप्प.

जिजाक्का जवळ आल्या, वाकून त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. “आगं बाई! अलका, इकडं ये! पाहुणे रुसले!”

हे त्यांनी ज्या आनंदानं म्हटलं, तो मी विसरणार नाही. त्या घरात बऱ्याच वर्षांत कुणी रीतसर रुसलं नसावं. लग्नात वरपक्षानं रुसायचं आणि वधूपक्षानं मनधरणी करायची, हे त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. आणि आज अवचित खऱ्या व्याह्यांकडचा माणूस त्यांच्या पंगतीत रुसून बसला होता. त्यांनी काठी आपटली. “रुसवा काढल्याशिवाय ह्या घरात कुणी जेवायचं नाही!”

साहेबांचा हात कुरडईकडे निघाला होता. “साहेब, थांबा!” जिजाक्का गरजल्या. हात जागच्या जागी परत गेला.

“क्या हुआ?” साहेबांनी हळूच विचारलं.

“कुछ नहीं साहब, छोटा सा रिवाज है,” प्रल्हादशेठ घाम पुसत म्हणाले आणि आत धावले. टोपी-टॉवेल आला. तात्यांनी बघितलं नाही. फेटा आला, जरीचा. तात्यांनी बघितलं नाही. अलका माझ्या कानाशी लागली, “वहिनी, तुम्ही सांगा ना त्यांना. आमटी निवून चालली.” मी म्हणाले, “मी लहान. मी कसं बोलू पंगतीत?” मला हसू फुटत होतं, ते मी तुपाच्या भांड्याआड लपवत होते. खरं सांगायचं तर मी हादरलेही होते. ज्या माणसानं पायपुसणीचा टॉवेलही दोन्ही हात जोडून घेतला, तो हा बसला होता, दगडासारखा.

साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना साखरेचा आजार होता. गोळी घेऊन बसले होते, तिच्यावर लगेच जेवायला हवं होतं. समोर पुरणपोळीची वाफ. त्यांच्या कपाळावर घाम आला. “अरे भाई, इनको चाहिए क्या? जो चाहिए दे दो न!”

तात्यांनी पहिल्यांदा मान वर केली. “मला काही नको,” ते म्हणाले. “माझ्या सुनेला काय पाहिजे ते तिला इचारा.”

सगळी पंगत माझ्याकडे वळली. प्रल्हादशेठही वळले. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं ते तेव्हा. ते म्हणाले, “वहिनी... काय पाहिजे?”

मी तुपाचं भांडं खाली ठेवलं. “बुक केला तोच ट्रॅक्टर. अरुंद. कोरा. ज्याच्यावर आधी कुणी स्वस्तिक काढलेलं नाही.”

“तो कंपनीकडून येईना, वहिनी. मी काय करू?”

“नॅरोवाला?” साहेब म्हणाले. “वो तो पीछे गोडाउन में खड़ा है, ताडपत्री के नीचे. सुबह ही देखा मैंने.”

गोडाउनमधला तो ट्रॅक्टर प्रल्हादशेठनी कुणा पुढाऱ्याच्या मेव्हण्यासाठी पाडव्याला द्यायला झाकून ठेवला होता. तसं ते सांगायला लागले. पण त्यांच्या एका बाजूला साहेब बघत होते, दुसऱ्या बाजूला आई काठी घेऊन उभी होती. अर्ध्या वाक्यातच त्यांनी शोरूमला फोन लावला. “ताडपत्रीतला घेऊन ये. घरी. आत्ता. पळत!”

“दारात आल्यावर घास घेईन,” तात्या म्हणाले. आणि पुन्हा मान खाली.

ट्रॅक्टर यायला काही फार वेळ लागला नाही, पण साहेबांना तो फार वाटला असणार. ते ओठांवरून जीभ फिरवत कुरडईकडे बघत होते आणि जिजाक्का त्यांच्याकडे. अखेर फाटकात फटफट झाली. मी पदराच्या गाठीतली दोरी सोडली. ओळींमधली रुंदी मोजून आणलेली होती. बाहेर जाऊन चाकांवर धरली. दोन्ही बाजूंना वीतभर मोकळं राहिलं. मी दारातून तात्यांना मान हलवून खूण केली. तात्यांनी पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, तोंडात घातला. साहेबांनी पुढच्या क्षणी भज्यावर झडप घातली. जिजाक्का रडत होत्या आणि हसत होत्या. “वन्सं असत्या तं काय खूश झाल्या असत्या रे, नामा,” म्हणत त्यांनी तात्यांच्या ताटात आणखी दोन पोळ्या टाकल्या. तात्यांनी त्या नाकारल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ब्लोअर जोडून मी ट्रॅक्टर बागेत घातला. ह्या टोकाला शिरला, त्या टोकाला निघाला, एक पान हललं नाही. त्या वर्षी बाग वाचली. हे पुण्याला गेले नाहीत, मीही गेले नाही. आज तिथं तीनाचे सात एकर झालेत. हे सगळं गावाला ठाऊक आहे. गावाला ठाऊक नाही ते घरी परततानाचं. तात्या गेल्यावर मी ते पहिल्यांदाच सांगतेय.

नवा ट्रॅक्टर मी चालवत होते, तात्या शेजारी मडगार्डवर. पोटभर जेवलेले, जरीचा फेटा मांडीवर. मी विचारलं, “तात्या, तुम्हाला रुसायला जमलं कसं?”

“जमायचं काय त्यात,” ते म्हणाले. “हक्काचा होता.”

“कुठला हक्काचा?”

“तुझ्या लग्नातला. तुझा बाप पंगतीत माझ्यापुढं आला, हात जोडून म्हणला, ‘व्याही, काही राहिलं का?’ आमचे भाऊबंद इकडून तिकडून कोपरं मारू ऱ्हायले. रूस, रूस, पोरासाठी गाडी माग. तुझ्या बापाचे हात कापू ऱ्हायले व्हते गं. मी म्हणलं, काही राहिलं नाही, जेवा. घरी आल्यावर सगळ्यांनी मला येड्यात काढलं. हक्काचा रुसवा वाया घालवला म्हणले. मी म्हणलं, वाया कसा जाईल? ठेवलाय.” त्यांनी फेट्यावरून हात फिरवला. “मला वाटलं, कधीतरी पोरीच्याच कामी येईल.”

माझ्या वडिलांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढचा रस्ता पुसला गेला आणि ट्रॅक्टर वेडावाकडा होत बांधाकडे निघाला.

तात्यांनी हात घालून स्टेअरिंग सरळ केलं. “पुढं बघून चालव, पोरी,” ते म्हणाले. “हा ठोकलास तं दुसरा मागायला माझ्याकडं रुसवा शिल्लक नाही.”